न्हाणीघरातला दांडा

"आधी ते यंत्र माझ्या छातीला लाव, मग भिंतीला!" न्हाणीघराच्या दारात दोन्ही हात आडवे धरून म्हातारा रंगारी ओरडला.

हातात ड्रिल घेतलेला प्लंबर रंगाऱ्याच्या लेकीकडे बघत राहिला. तिनं बापाचं मनगट धरून त्याला बाजूला ओढलं.

"बाबा, तमाशा करू नका. दांडा बसणार म्हणजे बसणार."

"घर माझं आहे!"

"आणि मागच्या महिन्यात अंगणात आडवं कोण झालं होतं?"

"पडलो नव्हतो. बसलो होतो."

"तोंडावर?"

प्लंबरला हसू फुटलं. रंगाऱ्याला ते जिव्हारी लागलं. उभा जन्म त्यानं दोरांच्या पाळण्यावर लोंबकळत उंच उंच इमारती रंगवण्यात घालवला होता. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसायची. त्याच्या बरोबरीचे दोघे पाळण्यावरून पडून गेले, तो मात्र कधी घसरलासुद्धा नाही. आणि आता त्याला घागरभर पाणी अंगावर घेताना धरायला दांडा हवा होता!

लेकीनं दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनाही आणलं होतं. त्या घरभर फिरल्या. पायात येणारी सतरंजी उचला, बोळात मोठा दिवा लावा, झिजलेल्या चपला टाकून द्या, डोळे तपासा, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना गोळ्या दाखवा, असं एकेक सांगत गेल्या. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायचा व्यायामही त्यांनी करून दाखवला.

"माझं वय काय, तुमचं काय," रंगारी म्हणाला. "मला उभं राहायला शिकवता?"

"रोज केलंत तर पायांत जोर राहील, आजोबा."

"मी तुमचा आजोबा नाही. दार तिकडे आहे."

बाई गेल्या. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर हातात चुरगाळत उभी होती. तिच्याकडे वळून तो म्हणाला, "तू काय बघतेस? तूच भरवलं असशील लेकीच्या कानात. जन्माची घाबरट! स्टुलावर चढताना तुला घाम फुटायचा."

ती आत निघून गेली.

दांडा बसला. रंगाऱ्यानं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. अंघोळ करताना तो मुद्दाम पलीकडच्या भिंतीला चिकटून उभा राही. पण गोष्ट गल्लीभर झाली. संध्याकाळी कट्ट्यावर समोरच्या शिंप्यानं हात वर करून, दांडी धरल्याचा आव आणत विचारलं, "काय रे, बसमध्ये उभं राहिल्यासारखी अंघोळ करतोस म्हणे? तिकीट काढतोस की नाही?"

कट्टा खदखदून हसला. रंगारी तडक उठून घरी आला. बायको शेजारी गेली होती. त्यानं पेटीतून पाना आणि पेचकस काढला, दांडा उपसला आणि माळ्यावर भिरकावला. मग भोकांत लांबीचा लगदा भरून भिंत सपाट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, बायको उठायच्या आत, वाळलेल्या लांबीवर काचकागद घासून त्यानं रंगाचा हात दिला. कितीतरी वर्षांनी हातात ब्रश आला होता. तिथं कधी काही होतं याचा मागमूस उरला नाही. लेक आली की तिला काय काय ऐकवायचं, ते मनात जुळवत तो अंगणात जाऊन बसला.

आतून बादली कोसळल्याचा आवाज आला. मग बायकोची किंकाळी.

ती ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती. पाय भलतीकडे वळला होता. उजवा हात अजून भिंतीवर काहीतरी चाचपत होता.

"दांडा... अहो, दांडा कुठं गेला?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या बोळात लेक त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही काढलात?"

तो बोटांवरचा रंग नखानं खरवडू लागला.

"दांडा तुमच्यासाठी नव्हताच, बाबा. आईनं मागितला होता. तिचे गुडघे लटपटतात, न्हाणीत उभं राहवत नाही तिला. म्हणाली, माझं नाव सांगू नकोस, ते हसतील. तुमच्या नावावर खपवावा लागला. रोज धरत होती ती."

"मला सांगायचं तरी."

"तुम्हाला?" लेक म्हणाली. "तुम्हाला कुणी कधी काय सांगितलंय?" आणि पाठ फिरवून ती लांबच्या बाकावर जाऊन बसली.

बायको घरी यायच्या आदल्या दिवशी रंगाऱ्यानं प्लंबरला आपण होऊन बोलावलं. जुनी भोकं दाखवायला म्हणून तो भिंतीवरून बोटं फिरवत राहिला. त्याचं त्यालाच एकही सापडलं नाही. शेवटी प्लंबरनं नवी पाडली. या खेपेला तो हसला नाही.

बायको वॉकर घेऊन आली. व्यायामाच्या बाईही परत येऊ लागल्या. त्या फक्त तिच्याशी बोलत. जाता जाता एकदा दारातून म्हणाल्या, "चालताना कुणीतरी अर्धं पाऊल मागे राहा. हात लावायचा नाही, पण तोल गेला तर सावरता आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती अंगणात चालायला निघाली, तसा तो पुढं झाला आणि त्यानं हात दिला.

"हात नको."

"अगं, नुसता आधाराला..."

"नको म्हटलं ना. तुमच्या भरवशावर एकदा पडले, तेवढं पुरे." एवढ्या वर्षांत तिनं त्याच्यापुढं असा आवाज काढला नव्हता. "बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तो बाजूला झाला.

आता रोज सकाळी ती वॉकर टेकत अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत जाते. तो मागून चालतो. कट्ट्यावरून शिंप्यानं पहिल्या दिवशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिचा चेहरा पाहून मिटलं. मागं पावलं वाजली की ती वळूनही न बघता म्हणते, "लांब राहा."

तो एक पाऊल मागं सरतो. दोन्ही हात तसेच पुढं, रिकाम्या हवेत, ओंजळीसारखे धरलेले.