गाळलेलं वाक्य

वाद नको म्हणून गप्प बसणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. खरं बोलायचं तर आपणही पुष्कळदा त्यांतलेच असतो. आयरा लिप्स्की असाच होता. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. वय सहासष्ट, आणि उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकावर त्याचा आवाज चढला नव्हता.

शहरातल्या एकोणतीस ज्यू संस्थांची मिळून एक संयुक्त परिषद होती. तीत प्रागतिक मंडळ सगळ्यांत लहान, जेमतेम साठ-सत्तर घरांचं. त्याचा प्रतिनिधी म्हणून आयरा परिषदेत बसे. परिषदेचा अध्यक्ष सोल ब्रॅमसन हा त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. आयराची बायको नेओमी गेली, तेव्हा सुतकाचे सातही दिवस सोल न चुकता आला होता. कुणी सांत्वनाचं लांबण लावलं की त्याला हळूच दाराबाहेर न्यायचं कामही त्यानेच केलं होतं.

एका वर्षी नोव्हेंबरातल्या निवडणुकीनंतर राज्याच्या विधिमंडळातला एक आमदार दूरदर्शनवर म्हणाला, की शहरात मतं मोजणारे लोक चोर आहेत आणि उत्तरेकडच्या वस्त्यांमधली मतं फेकून द्यायला हवीत. त्या वस्त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या. मोजणी पुन्हा झाली, आकडे जुळले, खोट निघाली नाही. आमदाराने मात्र तेच पुन्हा, अधिक जोरात सांगितलं.

आता पंचाईत अशी, की याच आमदाराचा परिषद सत्कार करणार होती. वर्षभरापूर्वी एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, खिडकीवर गोळी झाडली गेली, तेव्हा त्याने खटपट करून शहरातल्या सगळ्या सिनेगॉगांच्या दाराशी पोलीस पहारा मिळवून दिला होता. आयराच्या मंडळाने एवढंच मागितलं, की निवडणुकीच्या वादावर परिषद जे पत्रक काढणार होती त्यात एक वाक्य असावं : ‘मतं मोजणारे आमचे शेजारी प्रामाणिक आहेत आणि प्रत्येक वस्तीचं मत सारखं आहे.’

सोल दुकानात आला. त्याने आयराला समजावलं, की या एका वाक्याने परिषद दुभंगेल आणि आमदार बिथरेल. “शनिवारी प्रार्थनेला माझ्या नाती सिनेगॉगात असतात, आयरा,” तो म्हणाला. “उद्या पहारा उठला तर त्यांच्या आईला मी काय सांगू?”

सोल खोटं बोलत नव्हता. त्याची भीती खरी होती. आयराने खिशातलं पेन काढलं आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. शहाणपणा केला असं त्याला वाटलं. पत्रक निघालं. सर्वांनी शांतता राखावी, असं काहीसं त्यात होतं.

आठवड्याने तो रॉटमनबाईंकडे चष्मा द्यायला गेला. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्याच्या मुलीला त्यांनी गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर अठरा वर्षं त्या प्रत्येक निवडणुकीत मतं मोजायला बसत. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. भर दुपारी पडदे ओढलेले होते, फोनची वायर काढून ठेवली होती. अनोळखी माणसं रोज फोन करून घाण बोलत होती. एकाने तर घराचा नंबर वाचून दाखवला होता. बाईंनी कामाचा राजीनामा दिला होता.

त्यांनी चहा केला, सोबत खसखशीचा केक ठेवला. मग नवा चष्मा लावून परिषदेचं पत्रक दोनदा वाचलं.

“यात आमच्याबद्दल काही नाही.”

“होतं, बाई,” आयरा म्हणाला. “मीच खोडलं. एकी टिकावी म्हणून.”

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आयराला वाटलं.

“ज्या एकीत राहायचं तर मी चोर ठरते, ती एकी कुणाची रे?” त्या म्हणाल्या. “पहारा हवा, मलाही हवा. पण तो त्याच्या मर्जीने आला, तसाच त्याच्या मर्जीने जाईल. मताचं तसं नसतं. ते मोजलं जातं तेव्हा कुणाची मेहेरबानी लागत नाही. या देशात आपल्याकडे तेवढंच एक आहे, जे कुणी दिलेलं नाही. आणि उत्तरेकडच्या लोकांकडेही तेवढंच आहे.”

आयराने केकची बशी बाजूला सारली.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी परिषदेची बैठक भरली. आयराने ते वाक्य परत घालायची सूचना मांडली. चार मतं बाजूने, बावीस विरुद्ध, तिघे तटस्थ. तो उभा राहिला. आमचं मंडळ आजपासून या परिषदेत नाही, असं त्याने सांगितलं.

“आत राहून बोल,” सोल म्हणाला. “बाहेर गेलास की तुझं कोण ऐकणार?”

“आत राहून मी काय बोललो, सोल? एक वाक्य होतं, तेही खोडलं.”

सोलचा चेहरा उतरला. “नेओमी असती तर तिने हे होऊ दिलं नसतं,” तो म्हणाला.

चाळीस वर्षांत त्याने आयराला दुखवलं नव्हतं. आयरा कोट उचलून बाहेर पडला आणि गाडीत बसून ढसाढसा रडला.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मंडळातली नऊ घरं सोडून गेली. आमदाराचा सत्कार थाटात झाला. रॉटमनबाई घर विकून डुलुथला लेकीकडे गेल्या. तू आमच्या बाजूने उभा राहिलास हे आयुष्यभर विसरणार नाही, पण आता तिथे राहवत नाही, एवढंच त्यांनी लिहिलं. आयराने मात्र निवडणूक कार्यालयात नाव नोंदवलं आणि प्रशिक्षण घेतलं.

एप्रिलच्या निवडणुकीत त्याला एका शाळेतल्या मतदान केंद्रावर नेमलं. दहाच्या सुमारास रांगेतून सोल त्याच्या टेबलापुढे आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नियमाप्रमाणे मतदाराने नाव आणि पत्ता तोंडाने सांगायचा असतो.

“नाव सांगावं लागतं,” आयरा म्हणाला.

जन्माच्या परक्याला सांगावं तसं सोलने पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला, ओळखपत्र दाखवलं, सही केली. आयराने त्याला मतदार क्रमांकाची चिठ्ठी दिली, एकशे बारा. सोलने मतपत्रिका भरली, यंत्रात सरकवली आणि मागे न पाहता निघून गेला.

आयराचे डोळे भरून आले. दोस्त कदाचित कायमचा गेला होता. पण त्याचं मत मोजलं जाणार होतं, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचंही.

नागरिकहो, एकी मोलाची आहे, यात शंका नाही. पण शेजाऱ्याला चोर ठरवू देऊन जी मिळते, ती एकी नव्हे, भीती आहे. लोकशाही राखायची तर कधी कधी आपल्याच माणसांतून उठून जावं लागतं. त्याचं दुःख होतं, आणि ते सोसावं लागतं.

“पुढचे या!” आयराने हाक दिली. रांग पुढे सरकली.