वर्षभर स्टोअरला

मित्रांनो, मी खुटबावच्या भिमाजीआप्पांच्या घरातला जुना कॉम्प्युटर. ‘जुना’ हा शब्द मी आपणहून लावून घेतो, कारण नाहीतर तुम्ही तो लावणारच आहात. माझ्या डब्याची एक बाजू कायम उघडी असते. पंखा फिरायला लागला की घरात पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. मला जागं व्हायला वेळही फार लागतो. आप्पांच्या सौभाग्यवती सोजराबाई म्हणतात, “ह्याच्या आधी माझा च्या उकळतो.” त्यात खोटं काही नाही.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागे दत्ताचं गेमिंग कॅफे आहे. हा दत्ता सोजराबाईंचा भाचा. त्यानं कुठून मदरबोर्ड आणला, कुठून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणलं आणि स्क्रू पिळून मला उभं केलं. त्याच्या कॅफेत मी बरीच वर्षं काढली. कॉलेजची मुलं यायची. जिंकली की टेबलावर मूठ आपटायची, हरली तरी आपटायची, आणि मार बसायचा माझ्या कीबोर्डला. तरीही सांगतो, ते दिवस चांगले होते. दत्ता माझी धूळ फुंकायचा आणि म्हणायचा, “ह्यो मेला तरी चालू राहील.” अशी शाबासकी आमच्या जातीला क्वचितच मिळते.

आता गेम सीडीवर येत नाहीत. इंटरनेटवर गेमची दुकानं आहेत. एखाद्या दुकानाचं ॲप माझ्यात घालायचं, तिथून गेम विकत घ्यायचा, की तो तिथल्या तुमच्या खात्यात राहतो. दत्ताचं सगळं बिऱ्हाड एकाच जुन्या दुकानात होतं. त्याचे गेम तिथे, गावोगावचे मित्र तिथे, घाम गाळून मिळवलेली पदकंही तिथेच. मलाही त्या दुकानाची सवय झाली होती.

मग आप्पांची मुलगी अनुपमा कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून घरी आली आणि तिला स्वतःचा गेम बनवायचा होता. दत्तानं मला कांद्याच्या टेम्पोत ठेवून खुटबावला पाठवलं. दत्तानंच जोडलेली माझी भावंडं कॅफेतच राहिली.

अनुपमाच्या जोडीला गावातलीच नीलम होती. अनुपमा गेम चालायचा कसा ते लिहायची, नीलम चित्रं काढायची. माझ्यासमोर दोन खुर्च्या असायच्या आणि मधे शेंगदाण्यांची वाटी. त्यांच्या गेमचं नाव ‘गुऱ्हाळ’. आप्पांचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. खेळणाऱ्यानं गुळव्या, म्हणजे गूळ करणारा व्हायचं. चरकातून रस काढायचा, चुलाणात चिपाडं सारायची, उकळत्या काहिलीतली मळी काढायची आणि नेमक्या वेळी काहील उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ पातळ राहतो, उशीर झाला तर करपतो. ऐकायला सोपं वाटतं, पण खेळून बघा.

नीलमनं काहिलीवरची वाफ रंगवली तेव्हा आप्पा बराच वेळ माझ्या पडद्यासमोर उभे राहिले. “वास तेवढा येत न्हाई,” म्हणाले आणि निघून गेले. नीलम दिवसभर खुशीत होती.

कच्चा गेम दत्ताच्या कॅफेतली मुलं खेळून बघायची आणि दत्ता फोनवर चुका सांगायचा. “अनू, तुझा गुळव्या काहिलीतनं चालत पार झाला! त्याला काय बी झालं न्हाई!” दोघी पोट धरून हसायच्या आणि मग गुळव्याला काहिलीबाहेर काढायच्या. असं करत करत गेम मोठा झाला. जुन्या दुकानात त्याचं पान लागलं. अनोळखी लोकांनी लिहिलं, ‘आला की लगेच घेणार.’ माझ्यात जन्मलेल्या गेमची लोक वाट बघत होते. मला अभिमान वाटला, फार वाटला.

पण वाट बघण्यानं पोट भरत नाही. नीलमच्या घरचे मागे लागले होते. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात तिला जागा मिळत होती. दिवाळीच्या आत गेममधून काही हाती आलं नाही, तर तिला तिथे रुजू व्हायचं होतं. गेम पुरा व्हायला थोडंच राहिलं होतं, आणि पुढच्या भागाची चित्रं नीलमच्या डोक्यात तयार होती. म्हणजे प्रश्न एका गेमचा नव्हता, त्या दुसऱ्या खुर्चीचा होता.

अशात एका नव्या दुकानाची मेल आली. गेम आम्हाला आवडला, पण तो पहिलं वर्षभर फक्त आमच्याच दुकानात ठेवायचा. त्याबदल्यात गेम खपो न खपो, ठरलेली रक्कम आधी देऊ. अनुपमानं मेल मोठ्यानं वाचली आणि दोघी खुर्चीतून उठून नाचायला लागल्या.

जेवताना अनुपमानं आप्पांना सांगितलं, “आप्पा, गेम वर्षभर एकाच स्टोअरला द्यायचाय.”

आप्पांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पारावर सांगून आले. गावभर झालं की भिमाजीच्या पोरीचा गेम वर्षभर स्टोअरला पडणार. त्याचं असं आहे मित्रांनो, आमच्याकडे स्टोअर म्हणजे कोल्ड स्टोअर. भाव पडला की गुळाच्या ढेपा स्टोअरला टाकतात आणि भाव चढला की काढतात. आप्पांना वाटलं, पोरगी हुशार आहे, घाई करत नाही. सोजराबाईंनी तर विचारलंसुद्धा, “तिथं गारठ्यात तो खराब न्हाई ना व्हायचा?”

त्यावर घरात जे हसू झालं, ते नीलमच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. मग अनुपमानं नीट समजावलं. आप्पा म्हणाले, “असं व्हय. मग त्यात वंगाळ काय? आडत्यानं उचल दिली की माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो. त्यो पैसा लावतो, जोखीम घेतो.”

दत्ताचं मत वेगळं होतं. बातमी फुटल्यावर त्याचा फोन आला. अनुपमानं तो स्पीकरवर टाकला होता, म्हणून मीही ऐकलं.

“अनू, दोन वर्सं आमी तुझ्या चुका काढल्या. आन् आता आमी नव्या दुकानाच्या दारात उभं ऱ्हायचं?”

“दादा, खातं तर फुकट उघडता येतं. एक ॲप जास्त घालायचं, एवढंच.”

“एवढंच न्हाई. आज तुझं दुकान, उद्या तिसरं. दर गेमला वेगळं कुलूप, वेगळी किल्ली. आवडीनं गेलो तर गोष्ट येगळी. ह्यो तर दावं लावून न्यायचा प्रकार झाला.”

“आणि नीलमचं काय? तिला तू पगार देणारेस का?”

दत्तानं फोन ठेवून दिला. दोघांचंही बरोबर होतं, आणि अशी भांडणं लवकर मिटत नाहीत. जुन्या दुकानातल्या पानावर मात्र लोकांनी ताळतंत्र सोडलं. वाट बघणारेच आता ‘विकली गेलीस’ म्हणून लिहू लागले. नीलम ते वाचायची आणि रंग भरत राहायची.

सही करायच्या आधी अनुपमानं नव्या दुकानाचं ॲप माझ्यात घालून बघितलं. मी जोर लावला. पंखा ओरडला, पडदा काळा झाला, आणि अक्षरं आली की हा कॉम्प्युटर चालणार नाही. तिनं पुन्हा घातलं, पुन्हा तेच झालं. मग दत्ताला विचारलं, तर कॅफेतल्या माझ्या भावंडांचीही तीच गत निघाली. खातं फुकट होतं, पण आमच्यासारख्यांना आत घेणार नव्हते. जो गेम माझ्यात तयार झाला, तो विकत घेऊन मला उघडता येणार नव्हता. मला वाईट वाटलं. यंत्राला वाईट वाटत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते चूक आहे.

हे आप्पांना कळलं तेव्हा ते बाजेवर बसले होते. गुऱ्हाळाचा एक रिवाज आहे. चूल पेटली की वाटेनं जाणाराही आत येऊ शकतो. त्याला रस मिळतो, गरम गूळ मिळतो, आणि कोणी पैसे विचारत नाही. माल कुठल्या गाळ्यावर जाणार हे नंतर ठरतं. आप्पा म्हणाले, “माल एकाला घाल, माझं काय म्हणनं न्हाई. पर काहिलीपाशी उभं ऱ्हायलेल्याला चाखाय तरी मिळालं पायजे.”

अनुपमानं तसं कंपनीला लिहिलं. गेम तुम्हालाच देतो, फक्त तपासून देणाऱ्या या मुलांना तो दुकानाबाहेर द्यायची परवानगी द्या. उत्तर गोड शब्दांत आलं आणि त्यात नकार होता. वर्षभर दुकानाबाहेर एकही प्रत द्यायची नाही.

दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. अनुपमा म्हणाली, “नीलम, मी सही करते. तू इथंच पायजेस.”

“नको करू,” नीलम म्हणाली. “ज्या पोरांनी चुका काढल्या, त्यांनाच गेम उघडणार न्हाई. तुला ते सोसायचं न्हाई, आन् मला बी.”

“मग तू?”

“मी जाते कुरकुंभला. सुट्टीच्या दिवशी चित्रं काढीन की.”

अनुपमा रडली. खोटं कशाला बोलू, गेम माझ्यात उघडणार म्हणून मला आधी आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

‘गुऱ्हाळ’ जुन्या दुकानातून आला. खेळणाऱ्यांनी नावाजला, पण खपला बेताचाच. ‘विकली गेलीस’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण आता किंमत उतरायची वाट बघत बसले. एकानं तर लिहिलं, ‘निर्णय योग्य, सेल लागला की घेईन.’ नीलम सकाळी कंपनीच्या बसनं जाते. सुट्टीच्या दिवशी ती येते, पण अर्धा वेळ डुलक्या काढते. दुसऱ्या भागाची चित्रं अजून तिच्या डोक्यातच आहेत. तिच्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे असतात.

परवा दत्ता खुटबावला आला. माझी धूळ फुंकली, गेम लावला आणि शेवटपर्यंत नेला. आप्पा मागे बाजेवर बसून बघत होते. शेवटची ढेप निघाली, पडदा काळा झाला आणि बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली. दत्तानं सवयीनं बटण दाबलं. नावं गेली.

“आरं, त्ये काय व्हतं?” आप्पांनी विचारलं.

“नावं हायत आप्पा, कुणी बनवला त्याची. ती कोण बघत न्हाई.”

“म्हणून तर ती पोरगी बसनं कुरकुंभला जाती,” आप्पा म्हणाले.

दत्तानं शेवटचा डाव पुन्हा लावला, ढेप पुन्हा काढली आणि या वेळी हात मांडीवर ठेवले. नावं सावकाश वर गेली. नीलमचं नाव आलं तेव्हा सोजराबाईही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मित्रांनो, गेम कुठल्या दुकानात यावा यावर तुम्ही खुशाल भांडा. ते भांडण खोटं नाही, माझ्यासारख्याच्या तर ते जिवावरचं आहे. पण गेम आवडला तर तो सेलची वाट न बघता घ्या. आणि शेवटी नावं येतील तेव्हा बटणावरचं बोट तेवढं बाजूला घ्या.