प्रतीक्षाचा राग

प्रतीक्षाला रागवायची सोय राहिली नव्हती. बिबी गावातल्या त्या घरात बाकी सगळ्यांना रागवता यायचं. तिचा भाऊ अविनाश विहिरीवरची मोटार जळाली की वायरमनचा उद्धार करायचा. आई पुष्पाबाई शेजारणीची बकरी अंगणात शिरली की गल्ली डोक्यावर घ्यायची. पण प्रतीक्षाचा आवाज जरा चढला, की दोघं एकमेकांकडे बघायचे आणि अविनाश विचारायचा, "गोळी घेतली का आज?"

आजार खोटा नव्हता. लग्नानंतर ती पहिल्यांदा 'चढली' तेव्हा झोप नाही, बोलणं थांबत नाही, अंगावरचे दागिने लोणारच्या बाजारात वाटून मोकळी झालेली. मग तितकीच खोल उतरली. महिनोन्महिने भिंतीकडे तोंड. दवाखान्यात भरती केलं, तिथे डॉक्टरांनी बायपोलर असं नाव सांगितलं. नवऱ्याने तेवढं नाव ऐकलं आणि तिला माहेरी आणून सोडलं. गोळ्या लागू पडल्या, ती सावरली आणि अविनाशच्या शेडनेटमध्ये, जाळीच्या मांडवाखालच्या शेतीत, कामाला लागली.

तिथे मिरचीचं बियाणं घेतात. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, मग त्या फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. आत एक नर राहिला तरी बी भेसळीचं. ह्या कामात प्रतीक्षाचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाकीच्या बाया गप्पा मारत हात चालवायच्या. ही कळीवर अशी वाकायची, की हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

ह्या हिवाळ्यात मात्र सगळं बिघडलं. डोकं ओल्या कापसासारखं जड. हात थरथरायचे, चिमटा भलतीकडेच बसायचा, ओळीतली फुलं सुटून जायची. बियाणं कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्याने तिच्या ओळीतली फळं भेसळीची म्हणून तोडून अविनाशच्या पुढ्यात टाकली.

"तुहं ध्यानच नाही राह्यलं," अविनाश म्हणाला. "घरी बस आता."

ती भडकली, भांडली, आणि शेवटी स्वतःलाच शिव्या देत बसली. आजारानेच खाल्लं असणार आपल्याला. मेहकरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, "ह्या आजारात लक्ष टिकत नाही." आणि त्यांनी तिला दवाखान्यातल्या समुपदेशक महनूर मॅडमच्या गटात पाठवलं.

तिथे सतरंजीवर बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं. मन भटकलं तर त्याच्यावर चिडायचं नाही, हळूच परत आणायचं. प्रतीक्षाला पहिल्या दिवशी चीड आली. श्वास घ्यायला एसटीने इतक्या लांब यायचं? पण मग महनूर मॅडमनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक शेंगदाणा ठेवला. खायच्या आधी तो बघायला, हुंगायला, जिभेवर नुसता ठेवायला सांगितला. प्रतीक्षा बघत राहिली. कळीकडे ती असंच बघायची. म्हणजे ते बघणं अजून शाबूत होतं कुठेतरी.

"घरीसुद्धा रोज एखादी गोष्ट अशीच करा," मॅडम म्हणाल्या. "जेवताना, आंघोळ करताना, काहीही."

तिने त्यासाठी सकाळचा चहा निवडला.

पहिला घोट तोंडात धरून ती बसायची. साखर, आलं, दूध. आणि मग एका सकाळी जिभेच्या मुळाशी काहीतरी कडू. तिला वाटलं, आपलंच तोंड कडू असेल. पण दुसऱ्या दिवशी चहा नेहमीसारखा होता. काही दिवसांनी पुन्हा कडू. ती रोज मन लावून चव घेऊ लागली आणि हळूहळू लक्षात आलं: आदल्या दिवशी ती कोणाशी भांडली असेल, तरच चहा कडू लागायचा. बाकीचे कपात प्यायचे. तिचा तेवढा स्टीलचा पेला आई आतून भरून आणायची.

अविनाशशी पुन्हा वाजलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने तो पेला आईपुढे धरला.

"हा तू पी."

"मी घेतला माहा."

"तरी पी. एकच घोट."

पुष्पाबाईने पदर तोंडाशी नेला. पेल्याकडे बघेना.

"काय आहे याच्यात, आई?"

"काही नाही बाई... तू भरती होती तवाच्या गोळ्या हायेत. अविनाश आणून देते. रोज चिमूटभर कुटून टाकतो आम्ही चहात, तू लय भांडली की अर्धी गोळी. तुह्या भल्यासाठीच."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

प्रतीक्षाने पेला भिंतीवर मारला. म्हणजे ती थरथर, ते जड डोकं, सुटलेली फुलं, कंपनीच्या माणसासमोर खाली गेलेली मान! सगळा हिवाळा ती स्वतःला नालायक म्हणत होती आणि ही दोघं चुलीपाशी गोळ्या कुटत होती.

आवाज ऐकून अविनाश आत आला. भिंतीवरचा ओघळ बघून म्हणाला, "आई, चढली हे. मी गाडी काढतो." आणि त्याने तिचं मनगट धरलं.

तिने हात हिसडून सोडवला. छाती धडधडत होती, कान तापले होते. क्षणभर तिलाही भीती वाटली: खरंच चढलो काय आपण? ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि स्वतःला तपासलं. झोप झाली होती. डोक्यात विचारांची पळापळ नव्हती. एकच विचार होता, आणि तो जागचा हलत नव्हता.

"हा आजार नाही, अविनाश," ती म्हणाली. "हा राग आहे. तुह्यावर आहे."

चुलीपाशी चहाच्या डब्यामागे लपवलेली गोळ्यांची पट्टी तिने शोधून उचलली आणि एकटी मेहकरला गेली.

महनूर मॅडमनी तिचा चेहरा बघूनच तिला बसवलं, पाणी दिलं. "आधी शांत व्हा. राग आलाय ना, त्याच्याकडे फक्त बघा. ढगासारखा येतो, जातो."

"पाह्यला, मॅडम! बिबीपासून इथलोक पाह्यत आली. नाही जात तो. जाईल काऊन? खरा आहे तो!" तिने पट्टी टेबलावर आपटली. "तुमच्या शेंगदाण्यानं मले चव कळली. आता म्हणता, चव आली तरी गप राहा?"

महनूर मॅडमनी पट्टी उचलून वाचली. उठून प्रतीक्षाला थेट डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या, बाहेर बसलेल्यांना थांबवून.

डॉक्टरांनी फोन करून अविनाशला बोलावलं. तो आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"तुमचं काय जाते, साहेब? हे पळून गेली होती तवा लोणारच्या रस्त्यावर मी शोधली हिले. अंगावर धड कपडा नव्हता. पुन्हा तसं झालं तर कोण पाह्यते?"

"म्हणून तिला न सांगता औषध द्यायचं?" डॉक्टर म्हणाले. "नेहमीच्या गोळ्यांवर ही गोळी? तिचे हात कशामुळे थरथरत होते, आता कळलं."

"तुम्हाले आता कळलं?" प्रतीक्षा डॉक्टरांकडे वळली. "मी इथंच येऊन सांगितलं होतं, हात चालत नाहीत म्हणून. तुम्ही 'आजार' म्हणून मोकळे झाले. घरात काय खाते, काय पिते, इचारलं एकदा तरी?"

डॉक्टर म्हणाले, "नाही विचारलं. चुकलं माझं."

गोळी लगेच बंद करता येणार नव्हती, हळूहळू कमी करायची होती. तेही तिला गिळावं लागलं: ज्यांनी चोरून दिलं, त्यांचंच विष अजून काही दिवस स्वतःच्या हाताने घ्यायचं. डॉक्टरांनी अविनाशला बजावलं, यापुढे तिची औषधं तिच्याच ताब्यात राहतील. अविनाश तिला सोडून एकटाच गाडीवर निघून गेला.

हात ताळ्यावर यायला उन्हाळा उजाडला. प्रतीक्षा आता गावातल्याच शेषरावांच्या शेडनेटमध्ये जाते. अविनाशने आईकरवी दोनदा निरोप धाडला, आपल्याच नेटमध्ये ये म्हणून. ती गेली नाही. घरातच राहते, पण रांधते वेगळं. महनूर मॅडमच्या गटात अजून जाते. तिथे ढगांचा विषय निघाला की मॅडम तिच्याकडे बघून जरा अडखळतात.

परवा पुष्पाबाई नेटपाशी येऊन उभी राहिली. जाळीबाहेरूनच म्हणाली, "मले भेव वाटे बाई. तू पुन्हा हातची जाशील म्हणून."

"मलेही भेव वाटते, आई. रोज वाटते. मग मलेच सांगायचं होतं ना."

"कवालोक राग धरशील?"

"माहीत नाही," प्रतीक्षा म्हणाली. "जाईल तवा जाईल. तू उन्हात नको उभी राहू, घरी जा."

आणि तिने पुढची कळी चिमट्यात धरली.