अठरावी गाठ

“बाबा, वादळात शाळेत जायचं की नाही, हे नेमकं ठरवतं कोण?”

प्रश्न मुळात तिचा नव्हताच. “तू ड्रायव्हरची पोरगी ना, मग विचारून दाखव आणि सुट्टी मिळवून दाखव,” अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ‘हजर’ पुटपुटायची. पण वक्तृत्वाच्या पहिल्या फेरीत तिचा नंबर आला, आणि तेव्हापासून तिला गप्प बसवणं घरच्यांच्या हाताबाहेर गेलं. आज दुपारी अंतिम फेरी होती. म्हणजे सुट्टी हवी होती ती मैत्रिणींना. तिला मुळीच नको होती. तरी पैज ती पैज.

सकाळचे सहा वाजले होते. वारा असा सुटला होता की पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली शाळेची बससुद्धा जागच्या जागी डुलत होती. ती बस बाबा चालवायचे, आणि त्याच बसमध्ये आई मुलांची चढ-उतार बघायची. आत्ता बाबा स्वयंपाकघरात फरशीवर बसून एका जाड दोराला गाठ मारत होते.

“शाळा ठरवते,” ते मान वर न करता म्हणाले.

“शाळेचा मेसेज आलाय की. शाळा सुरू आहे, मुलांना पाठवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं.”

“मग पालक ठरवतात.”

“आणि तुम्ही?”

“एक जरी मूल थांब्यावर यायचं असेल, तर बस काढायची. आपलं काम तेवढंच. जा, दात घास.”

ती हलली नाही. खिडकीपाशी आई मुलांची यादी घेऊन घरोघरी फोन करत होती. हवा बिघडली की हा रिवाजच होता.

“हो, बस निघणार आहे... आमची? ती येतेय की, तिची स्पर्धा आहे ना आज... बरं, मग पाठवा.” यादीत बरोबरची खूण.

पुढचा फोन. “वारा आहे खरा... हो, हो, आमची येतेय... बरं.” आणखी एक खूण.

“आई, सगळे माझंच का विचारतात गं?”

“मग काय तर. ड्रायव्हर स्वतःच्या लेकीला नेतोय म्हटल्यावर लोकांना धीर येतो. यादीत तुझं नाव पहिलं आहे ते काय उगाच?”

क्षणभर तिची कॉलर ताठ झाली. मग तिची नजर दोराकडे गेली.

गेल्या वर्षी अशाच हवेत ओढ्याच्या पुलावर बस बंद पडली होती. पाणी पायऱ्या चढून आत आलं, तेव्हा बाबांनी एकेका मुलाला खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवलं होतं. यादीत तिचं नाव पहिलं, पण तिला नेलं सगळ्यात शेवटी. आई पलीकडे मुलांना धरून उभी होती, आणि रिकाम्या बसमध्ये ही एकटी उभी राहून वाट बघत होती. सगळे सुखरूप निघाले, आणि त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त बाबांच्या सीटखाली हा दोर आला.

“गाठी कशाला मारल्यात?”

“लहान हातांना धरायला. ओला दोर सटकतो.”

तिने मोजल्या. “सतरा.”

“अठरावी चालू आहे. ती टोपीवाली नवी आलीय ना.”

टोपीवाली म्हणजे या महिन्यातच शाळेत आलेली, वर्गातही टोपी न काढणारी चिमुरडी. तिच्या नावाची गाठ बाबांच्या हातून दोनदा सुटली. बाबांनी मारलेली गाठ सुटलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

“आज पुलावर पाणी येईल असं वाटतंय ना तुम्हाला?”

“माझ्या वाटण्यानं बस थांबत नाही, बाळा.”

“गाठ तर मारताय.”

बाबांनी सुटलेली गाठ पुन्हा मारायला घेतली.

शाळा पालकांवर सोडून मोकळी झाली होती. पालक तिच्याकडे बघून पाठवणार होते, बाबा मुलांकडे बघून निघणार होते. आणि ती स्वतः बघत होती स्पर्धेकडे. भाषण तोंडपाठ होतं, ‘माननीय परीक्षक’पासून ‘धन्यवाद’पर्यंत.

आईने शेवटचा फोन लावला. “टोपीवालीच्या आजी ना? हो, बस निघतेय. आमची? हो, ती तर—”

“आई, थांब.”

आईने फोनवर हात ठेवला. “काय गं? लवकर बोल, त्या खोळंबल्यात.”

“आजींना सांग, ड्रायव्हरची मुलगी आज बसमध्ये नसेल. आणि आधी ज्यांना हो म्हणालीस, त्या सगळ्यांना परत फोन करून हेच सांग.”

“अगं, आणि तुझी स्पर्धा?”

तिने बाबांच्या हातातून दोराचं टोक काढून घेतलं. शब्द स्पष्ट होते.

“माझ्या नावावर फुली मार, आई. बाबा, मी आज शाळेत जाणार नाही.”