मागच्या सीटवरचा नारळ

आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही, हे मी पेढ्यांचा बॉक्स उघडण्याआधीच सांगून ठेवतो. कोणाला खरं वाटलंच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं मी धरून चालेन. पण खाली पार्किंगमध्ये उभी असलेली ती राखाडी वॅगनआर एकदा डोंबिवलीहून ठाण्याला खाडीतून गेलेली आहे. चाकांवर नव्हे, पाण्यावर. साक्षीदार हा इथेच बसलाय. दामाजी, बोल रे.

दामाजीनं तोंडात पेढा असल्यामुळे नुसती मान हलवली. ठाण्याच्या खाडीवर जन्म काढलेला कोळी, पण पेढा दिसला की त्याचं बोलणं बंद होतं. जावई केदार सोफ्यावर, नात क्षिप्रा जमिनीवर, आणि आमची सुमती बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत मेथी निवडत. पेढे अशासाठी, की गाडीचं कर्ज फिटलं आणि पतपेढीनं आरसी बुकावरचा बोजा उतरवायचं पत्र दिलं. आज गाडी पूर्ण आमची झाली. म्हणून ती आमची कशी झाली ते सांगतो.

केदार म्हणाला, "अण्णा, मागच्या वेळी पुलावरून गेली होती."

मागच्या वेळी मी आवरतं घेतलं होतं. ऐका.

सुमतीचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. ऑपरेशननंतर ती घरात काठी घेऊन चालायची, पण रिक्षाची पायरी काही चढता येईना. त्या वर्षी गणपतीत कल्याणला तिच्या बहिणीकडे गेलो होतो. परतताना गल्लीतल्या दोन पोरांनी मदत म्हणून तिला धरलं, "आजी, एक, दोन, तीन" म्हणाले आणि उचलून रिक्षात ठेवलं. भावना चांगलीच होती. पण जिनं आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलं, तिला पोरांनी पोत्यासारखं मोजून उचललं. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, यापुढे मला कोणी उचलणार नाही. नाही जाता आलं तर नाही जाणार.

आणि खरंच गेली नाही कुठे. भाजीला नाही, भजनाला नाही. मी म्हटलं भाड्याची गाडी बोलावू, तर म्हणाली, त्या ड्रायव्हरनं घाई केली की पुन्हा तेच होणार. मग आला बहिणीच्या मुलीच्या, आसावरीच्या लग्नाचा मुहूर्त, कल्याणलाच, रविवारी. सुमतीनं पत्रिका वाचली, घडी घातली आणि मला सांगितलं, तोवर घरची गाडी आली तर मी येईन. नाही आली तर यापुढे कोणाच्या लग्नाचं मला सांगू नका.

ती रागात बोलली असती तर मी सोडून दिलं असतं. शांतपणे बोलली, म्हणून मला घाम फुटला.

गाडी मिळाली डोंबिवलीतच, मानपाड्याला. राकेश नावाचा माणूस पुण्याला बदलून चालला होता. वॅगनआरची सीट उंच, त्यामुळे पाठमोरं टेकायचं आणि मग सावकाश पाय आत घ्यायचे. कोणी उचलायला नको. पैशांसाठी ठाण्यातली, खोपटची पतपेढी होती. सुमती शाळेत शिकवत होती तेव्हापासून तिथली सभासद, म्हणजे कर्ज तिच्याच नावावर. अडचण अशी, की संचालक मंडळ बसणार शुक्रवारी संध्याकाळी, सहापर्यंत. जुनी गाडी असेल तर ती दारात आणून दाखवायची, आणि दोन जामीनदार समोर उभे करायचे. राकेश म्हणाला होता, शुक्रवारी मंजुरी झाली तर गाडी तुमची, नाहीतर कल्याणचा एक जण रोख घेऊन तयार आहे.

एक जामीनदार होता आपला शेजारी सिद्धेश. तो ऑफिसातून परस्पर खोपटला जाणार होता. दुसऱ्याचं नाव घेत नाही, तो या बिल्डिंगमध्येच राहतो. शुक्रवारी सकाळी त्यानं कळवलं की बायको नको म्हणते. त्यानंतर त्याचा फोन बंद. मंडळी, लग्नाला अख्खा हॉल भरतो, जामिनाला माणूस मिळत नाही.

तेव्हा मला दामाजी आठवला. होडीच्या इंजिनाचं कर्ज त्यानं त्याच पतपेढीतून काढलं होतं, म्हणजे तोही सभासद. फोन केला. तो लगेच हो म्हणाला, आणि इथेच माझी चूक झाली. मला वाटलं, आता हा सरळ खोपटला येऊन सही करेल. पण याच्या घरातली रीत मी विसरलो. याच्या बापानं घालून दिलेली, की ज्या होडीला जामीन राहायचं, त्या होडीत आधी आपण बसायचं. न बसता सही करायची नाही.

मी म्हटलं, दामाजी, ही गाडी आहे.

"गाडी काय, होडी काय," हा म्हणाला, "बुडाली तर मी पन बुडनार ना? मना बसल्याबिगर सही जमनार नाय."

दुपारी हा ठाण्याहून मानपाड्याला आला. हातात वल्हं. वल्हं कशाला, तर म्हणे लांबच्या वाटेला मोकळ्या हातानं निघू नये. राकेशच्या पार्किंगमध्ये हा गाडीभोवती फिरला. खाली झोपून तळाला टकटक करून कान लावला. दारांचे सांधे हुंगले. राकेश माझ्याकडे बघतोय, मी घड्याळाकडे. मग यानं वॉचमनकडून बादली मागितली आणि मागचं दार उघडून पाणी सरळ गाडीत ओतलं.

राकेश पांढराफटक पडला.

"आतलं पानी भायेर नाय गेलं," दामाजी म्हणाला, "तर भायेरचं आत नाय येनार. चल."

ते पाणी डब्यानं उपसून, फडक्यानं पुसून काढेपर्यंत चार वाजायला आले. तेवढ्यात राकेशचा फोन वाजला. कल्याणचं गिऱ्हाईक. राकेश बाजूला जाऊन बोलला आणि आल्यावर मला म्हणाला, काका, तो आठ वाजता पैसे घेऊन येतोय. तुमचं झालं तर त्याला नको सांगतो.

निघताना दामाजी म्हणाला, नव्या होडीत नारळ लागतो. नारळ आणला आणि मागच्या सीटवर ठेवला. त्याला मी सीटबेल्ट लावला.

क्षिप्रा म्हणाली, "आजोबा, नारळाला सीटबेल्ट?"

साधा नारळ नव्हता तो. मानाचा नारळ. वजनदार, जुना, वरून टणक. मी पुढच्या सीटवर, राकेश गाडी चालवतोय, दामाजी मागे नारळाशेजारी अंग चोरून बसलेला. काटई नाक्याला पोहोचलो आणि सगळं थांबलं. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला सिमेंटचा मिक्सर गरगर फिरतोय. तेवढंच काय ते हलत होतं. दहा मिनिटांत आम्ही एका दुकानाच्या पाटीवरून दुसऱ्या दुकानाच्या पाटीपर्यंत गेलो. मी आरशातून सारखा मागे बघत होतो. नारळ गप्प.

"नारळ गप्पच असतो," क्षिप्रा म्हणाली.

हो, पण हा गप्प बसला की मला भीती वाटते. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, आज जमलं नाही तर रविवारी त्याच्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू.

"नारळासमोर?"

मधे बोलू नकोस. सिद्धेशचा फोन आला, की संचालक चहा पिऊन बसलेत, दोन प्रकरणं झाली, तिसरं आपलं. मी म्हटलं, त्यांना थोपव. तो म्हणाला, कसं थोपवू, गोष्ट सांगू का? म्हटलं, सांग. त्याला गोष्टी येत नाहीत, हे माझं दुर्दैव.

राकेशनं स्टिअरिंगवरचे हात सोडले. म्हणाला, काका, आज होत नाही, परत फिरूया. माझी मागे पाहण्याची हिंमत नव्हती. तेव्हा दामाजीनं काच खाली केली, डोकं बाहेर काढून वारा हुंगला आणि म्हणाला, "सुकती लागली. पानी ठान्याकडं चाललंय. गाडी मोठागावला घे."

सुकती म्हणजे ओहोटी. आता इथून पुढचं नीट ऐका. आम्ही गाडी वळवली, गल्लीबोळांतून डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीवर आणली आणि रेतीच्या उतारावरून सरळ पाण्यात घातली. राकेशनं डोळे मिटले होते. पहिल्यांदा गाडी नाकावर कलली, मला वाटलं संपलं. मग मागची बाजू हळूच उचलली गेली, बॉनेट वर आलं आणि गाडी तरंगली. पाणी दाराच्या कडीपर्यंत. आत एक थेंब नाही. ती बादली उगाच नव्हती ओतली.

दामाजी खिडकीतून अर्धा बाहेर, वल्हं मारतोय. राकेश सवयीनं इंडिकेटर देतोय. मुंब्र्याच्या पुलाखालून गेलो तेव्हा वरून एक लोकल चालली होती, दारातले लोक हात करत होते. समोरून रेतीची एक होडी आली, तिला साइड दिली. एका जागी भोवऱ्यात गाडी गोल फिरायला लागली आणि मागची सीट एका बाजूला कलली, तेव्हा दामाजीनं वल्हं सोडून आधी नारळाला धरलं. मी म्हटलं, अरे, गाडी बुडेल. तर हा म्हणाला, गाडी गेली तर दुसरी मिळंल.

केदारनं विचारलं, "एक मिनिट. कर्ज आईंच्या नावावर होतं ना? मग संचालकांसमोर सही कोणी केली? कर्जदार हजर नसताना आमच्याकडे तरी मंजुरी होत नाही."

तुमची बँक, आमची पतपेढी. सुमतीनं सह्या आदल्या दिवशी घरीच करून दिल्या होत्या. ती घरी होती, खिडकीत बसून वाट बघत. पुढे जाऊ?

कळव्याच्या पुलाअलीकडे मात्र घात झाला. पाणी उतरलं आणि गाडी चिखलात रुतली. वल्हं टेकून पाहिलं, ढकलून पाहिलं, हलेना. साडेपाच होऊन गेले होते. रस्ता समोर दिसत होता, रिक्षा पळत होत्या, पण गाडीवाल्यांना वाट नाही. मी म्हटलं, संपलं. दामाजी म्हणाला, गाडी मागनं येईल, आधी मानूस पोचला पायजे. आणि त्यानं मागचं दार उघडलं.

तिथे तो थांबला, बरं का. खाडीला न घाबरणारा हा माणूस नारळासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "बाय, रागावू नको."

"नारळाला बाय?" क्षिप्रा म्हणाली.

कोळी आहे तो, समुद्राला नारळ देणारा. मान ठेवतात ते. नारळानं काही सांगितलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मग दामाजीनं त्याला दोन्ही हातांवर घेतलं, असं जपून, की पाणी भरलेलं भांडं असावं, आणि नेऊन रिक्षात ठेवलं. दामाजी शेजारी बसला आणि रिक्षा सुटली. त्या गर्दीत मला चढायला मिळालं नाही. मी हातात वल्हं घेऊन मागे पळत होतो, माझ्या वयाला न शोभेल असा. पूल उतरल्यावर धाप लागली, तेव्हा दुसरी रिक्षा केली.

त्यांच्या मागोमाग खोपटला पोहोचलो तर पतपेढीचा शिपाई शटर अर्धं ओढून उभा. सिद्धेश दारात आडवा. आणि आत चेअरमन. मोठा माणूस, कपाळावर आठ्या, उठायच्या बेतात असलेला. त्यानं आधी दामाजीला पाहिलं, मग समोर खुर्चीवर बसलेल्या नारळाला पाहिलं, आणि ताडकन उभा राहिला. दोन्ही हात बाजूला, मान खाली. बस म्हटल्याशिवाय बसला नाही. शिपायानं शटर पुन्हा वर केलं. प्रकरण मंजूर झालं. थोड्या वेळानं राकेश गाडी घेऊन आला, चिखलानं माखलेली, संचालकांनी खाली येऊन ती पाहिली आणि कोणी एक प्रश्न विचारला नाही. दामाजीनं सही केली. रविवारी सुमती आपल्या पायांनी गाडीत बसली आणि आपल्या पायांनी मांडवात उतरली.

क्षिप्रा हसत होती. केदार म्हणाला, "अण्णा, खाडी एक वेळ मान्य. पण चेअरमन नारळाला बघून उभा का राहील?"

मी दामाजीकडे पाहिलं. दामाजी पेढ्याच्या बॉक्सकडे बघत होता. म्हटलं, शहाळं असतं तर नसता राहिला, पण हा नारळ...

"पुरे," सुमती म्हणाली. तिनं मेथीची जुडी ताटात ठेवली होती. "तो चेअरमन सातवीला माझ्या वर्गात होता. खाडीबिडी काही नाही, सगळा वेळ आपण रस्त्यावर अडकलो होतो. आणि मागच्या सीटवर नारळ नव्हता, मी होते. वल्हं कसलं, माझी काठी होती तुमच्या हातात. उचललं मला दामाजीभाऊंनी, रिक्षात ठेवलं. सांगा की सरळ. एक, दोन, तीन म्हणाले नाहीत ते."