चारशे नव्वदपासूनचा तक्ता

मी एक जुना तक्ता आहे. जाड पुठ्ठ्याचा, खिडकीएवढा. माझा डावा कोपरा वाळवीने खाल्ला आहे आणि निळा रंग उडत चालला आहे. मित्रांनो, रंग उडाल्याचे मला फारसे दुःख नाही. जे आहे ते वेगळेच आहे.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला तयार केले. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी त्याला दोनच आकडे दिले होते. वस्तीतले काविळीचे रोगी, गेल्या वर्षी पाचशे वीस, यंदा पाचशे. पेंटरने पट्टी लावली आणि तळाशी शून्य लिहायला घेतले.

"शून्य नको," साहेब म्हणाले. "चारशे नव्वदपासून सुरू कर."

"पण साहेब, मग गेल्या वर्षीचा खांब यंदाच्या तिप्पट दिसेल."

"दिसू दे की! आकडे तर खरेच आहेत ना?"

पेंटरचे पोट हातावर होते. त्याने मान डोलावली.

मला दवाखान्यात, बाकांसमोर टांगले. माझ्याशेजारी उभे राहून साहेबांनी फोटो काढून घेतला. सगळे 'वा वा' म्हणाले. खोटे कशाला सांगू, तेव्हा मीही फुशारलो होतो.

त्या बाकांवर एक बाई येऊन बसायची, लोकांचे कपडे शिवून घर चालवणारी. सोबत तिची सहा वर्षांची लेक असे, खोकल्याच्या औषधासाठी. लेक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आई, हा उंच दादा आणि हा त्याचा बुटका भाऊ!" आई हसायची. एकदा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"कावीळ पार कमी झाली की गं," ती लेकीला म्हणाली. "नळाचं पाणी सुधारलं म्हणायचं."

दोन वर्षे ती घरात पाणी उकळत होती. त्या आठवड्यात तिने ते बंद केले.

महिन्याभराने लेकीचे डोळे पिवळे झाले. त्याच बाकावरून तिला मोठ्या इस्पितळात नेले. ती परत आली नाही.

नंतर बाई एकटीच आली. या वेळी तिने खांबांकडे पाहिले नाही. त्यांच्यावरचे बारीक आकडे वाचले.

"सिस्टर, वीसच कमी झाले होते?"

"हो."

"मग मला एवढे कमी कसे दिसले?"

सिस्टर माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या सर्वांत खालच्या रेघेवर बोट ठेवले. चारशे नव्वद. बोट तिथेच राहिले.

"ताई, मी रोज याच्यासमोरून जाते," त्या हळूच म्हणाल्या. "मीसुद्धा कधी नीट वाचलं नाही."

ही गोष्ट पेंटरच्या कानावर गेली. तो धावत आला आणि मला भिंतीवरून उतरवून फाडू लागला. बाईने त्याचा हात धरला.

"फाडू नका. हा फाडलात तर ते दुसरा करून घेतील. हा पोरांना दाखवा."

साहेबांची तोवर बढती होऊन बदली झाली होती. सिस्टरांनी मला शाळेत नेले. अजूनही त्या वर्षातून एकदा येतात, मुलांच्या हाती पट्टी देतात आणि त्यांच्याकडून तेच दोन खांब शून्यापासून काढून घेतात. कागदावर दोन्ही खांब जवळजवळ सारखेच येतात. मुले आधी हसतात. मग सिस्टर त्यांना त्या लेकीविषयी सांगतात.

परवा एका मुलीने विचारले, "ती या पाचशेत आहे का?"

"नाही बाळा," सिस्टर म्हणाल्या. "ती पुढच्या वर्षीच्या आकड्यात. तो खांब यावर कुणी काढलाच नाही."

मित्रांनो, माझ्या अंगावर एकही आकडा खोटा नाही. तरीही मी एका आईला फसवले. म्हणून माझे एवढेच ऐका. तक्ता दिसला की खांबांच्या उंचीवर भुलू नका. रेघ कुठून सुरू होते ते बघा, आकडे मोठ्याने वाचा, तक्ता कुणी आणि कशासाठी काढला ते विचारा. आणि शेजारच्या बाकावर कुणाची आई वर बघत बसली असेल, तर तिलाही वाचून दाखवा. लाजू नका.