पाहुण्यांची चटई

मी चटई बोलतेय. सामोआच्या सवाई बेटावर मला फाला म्हणायचे. आता मी ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या वस्तीत राहते. इथंही माझं नाव तेच आहे.

मला पेपेआजीनं घडवलं. केवड्याच्या जातीच्या झाडाची लांब पानं तिनं तोडली, कडेचे काटे काढले, उन्हात वाळवली आणि घासून मऊ केली. मग शेजारणींबरोबर बसून, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करत मला विणलं. काठाला लाल-हिरव्या लोकरीची झालर लावली, ती मात्र निव्वळ हौसेनं.

गावातल्या त्या घराला भिंती नव्हत्या. नुसते खांब आणि वर छप्पर. दुपारी समुद्रावरून वारा आला की सगळं घर आडवं व्हायचं. वाटेनं जाणाऱ्याला झोपलेली माणसं दिसली की तो कमरेत वाकून, पाय न वाजवता पुढं सरकायचा. त्या दुपारी मला फार आठवतात. अंगावरचं माणूस हळूहळू सैल होत जायचं आणि झोप लागली की जडही व्हायचं. ते वजन मला आवडायचं.

पेपेआजी मुलाकडे ऑकलंडला आली, तेव्हा मीही गुंडाळून आले. घरातली सर्वांत देखणी चटई म्हणून पाहुण्यांसाठी राखली गेले.

आजीची सून मकेरिता रात्रपाळीला मोठमोठी कार्यालयं झाडते-पुसते. सकाळी पोरांना शाळेत सोडून ती माझ्यावर आडवी होते. आतल्या खोल्या गावाहून आलेल्या दिराच्या कुटुंबाला दिल्यात. तिचा कुठं डोळा लागतो, तोच आजी दारातून रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारते, "अहो, असे कसे निघालात? या, आत या." दारावरून माणूस तसाच जाऊ देणं आमच्यात कमीपणाचं.

मग मकेरिताचा खांदा हलतो. "ऊठ गं, मंडळी आलीत." ती उठते, केस बांधते, मला झटकून पाहुण्यांपुढं अंथरते आणि चहा ठेवायला जाते. हे रोजचंच.

दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. तिनं नारळाचं दूध सोडलं, तारोचे कंद कमी केले, चहातली साखर बंद केली. तरी साखर चढतीच.

"चोरून काहीतरी खातेस तू," आजी म्हणायची.

"काय खाणार, आई? जेवताना तर तुम्ही माझ्या ताटात डोकं घालून बसता."

दोघी हसायच्या. पण आता डोळ्यांची तपासणी झाली होती आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा सुरू झाली होती. मकेरिता हल्ली सुईत दोरा ओवायला पोरीला बोलवायची. आंधळी झाले तर, हे ती कुणाला बोलली नाही. माझ्यावर पालथी पडून एकदा नुसती रडली.

एके दिवशी सकाळी दवाखान्यातली परिचारिका घरी आली. वालासी तिचं नाव, आमच्यातलीच. आजीनं नेहमीप्रमाणे सुनेला उठवलं आणि मला पुढं सरकवलं. वालासी मांडी घालून बसली, आणि लगेच तिनं तळवा माझ्यावर टेकवला.

"चटई गरम आहे, आजी. इथं कोण निजलं होतं?"

"कोण म्हणजे, ही. पाहुण्याला काय उघड्या जमिनीवर बसवू?"

"अशी रोज उठवता?"

"पाहुणे काय रोज येतात?" आजी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "येतात खरे."

वालासी हळू आवाजात बोलली. "आपल्या माणसांत हा आजार फार. सगळे ताटात काय आहे तेवढंच विचारतात. रात्रपाळ्याही आपल्याच वाट्याला, आणि झोपेचं कुणी विचारत नाही. झोप तुटत राहिली की शरीराला साखर नीट वापरता येत नाही, आजी. गोळ्या हव्यातच, पण हिला झोपूही द्या."

आजीनं माझ्यावर हात ठेवला. मी अजून कोमट होते. तिची बोटं तिनंच घातलेल्या विणीवरून फिरली. "गावात आम्ही झोपलेल्याच्या घरावरून वाकून जायचो," ती म्हणाली, "आणि इथं मीच हिच्या अंगाखालून चटई ओढते."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पाळकांची बायको आली. पांढरा झगा, पांढरी टोपी, हातात केकचा डबा. आजी लगबगीनं बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "बाई, आज इथंच पायरीवर बसू."

"पायरीवर?"

"सून झोपलीय. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा, पण हळू आवाजात."

पाळकांच्या बायकोनं एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग झगा सावरून ती बसली आणि कुजबुजली, "माझा नवरा रात्रभर घोरतो. दिवसा मला कोण झोपू देतं?"

आजी तोंडावर हात धरून हसली.

आता माझी झालर उसवलीय, मधली वीणही खचलीय. पाहुण्यांपुढं मांडण्याजोगी मी राहिले नाही, याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. मकेरिताच्या गोळ्या चालू आहेत. साखर थोडी उतरलीय. डोळ्यांचं पुढं काय होईल, ते मी सांगू शकत नाही.

तुमच्याही घरी दिवसा कुणी निजत असेल, तर पाहुण्यांना खुशाल जमिनीवर बसवा. त्या माणसाखालची चटई मात्र मागू नका. ऐका, बाहेर आजीचा आवाज अगदी खाली आलाय. माझ्यावर मकेरिता झोपलीय आणि चांगली जड झालीय.